त्रेचाळीस शनिवारांची फी

रातोमिरच्या थडग्यावर दगड बसवायचा होता आणि दगडाचे पैसे रातोमिरच्याच फोनमध्ये अडकले होते.

सर्बियातल्या किकिंदा गावी कौलांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं भट्टीसमोर काढलेल्या या माणसाला डॉक्टरांनी सिगारेट सोडायला लावली. तेव्हापासून दर शनिवारी तो आठवड्याच्या सिगारेटींचे पैसे बिटकॉइनमध्ये टाकू लागला. असे त्रेचाळीस शनिवार झाले. चव्वेचाळिसाव्या शनिवारी त्याला पुरलं. सिगारेट सुटल्याची फुप्फुसांनी काही दखल घेतली नव्हती.

साठले होते एक लाख वीस हजार दिनार. फोन उघडायचे आकडे स्वयंपाकघरातल्या वहीत सापडले, पण पुढे काय करायचं ते त्याच्या बायकोला, झिवानाला, कळेना. तिचा दीर तिहोमीर पुढे झाला. तीस वर्षं तो टपाल कचेरीत मनीऑर्डर आणि पार्सलांच्या खिडकीवर बसला होता.

"वहिनी, तुम्ही कॉफी ठेवा," तो म्हणाला. "पैसे पाठवण्यातच जन्म गेलाय माझा."

त्याची मुलगी स्लाजाना बेलग्रेडला दंतवैद्याकडे कामाला होती. तिने फोनवर सांगितलं की पैसे माझ्या खात्यावर पाठवा, मी त्याचे दिनार करून देते. आणि फीचं जरा नीट ऐका. फीचं मला शिकवू नकोस, असं म्हणून तिहोमीरने फोन ठेवला. पैसे पाठवताना फीचे तीन दर दिसले. त्याने सगळ्यात कमी निवडला आणि आपण भावाचे पैसे वाचवले या समाधानात कॉफी प्यायला.

पैसे पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, नवव्या दिवशीही नाहीत. त्या आठवड्यात व्यवहारांची गर्दी फार होती, आणि जास्त फी देणाऱ्याचा नंबर आधी लागत होता. तक्रार कुठे करायची, असं तिहोमीरने मुलीला विचारलं.

"कुठेच नाही, बाबा. त्याला कचेरी नसते."

"मग चालवतं कोण?"

"कोणीच नाही. म्हणजे सगळे मिळून."

"कोणीच चालवत नाही, तर फी कोण खातं?"

जो नोंद करतो त्याला ती मिळते, असं तिने सांगितलं. तो कोण, ते कोणालाच माहीत नसतं, हेही सांगितलं. तिहोमीरने हे झिवानाला कळवलं नाही.

मृत्यूनंतर सहा महिन्यांनी थडग्यापाशी करायची प्रार्थना तीन आठवड्यांवर आली, आणि तोवर दगड बसायला हवा होता. दगड घडवणारा ओब्राद पैशांसाठी रोज निरोप धाडू लागला. शेवटी स्लाजाना म्हणाली की अडकलेल्या व्यवहाराची फी वाढवता येते, मी रविवारी येऊन करते. रविवारपर्यंत थांबेल तो तिहोमीर कसला? त्याने फोन उघडला. फीच्या चौकटीत दोनचा आकडा होता. दोन दिनारात काय होणार? सख्ख्या भावाच्या दगडाला चिकटपणा नको म्हणून त्याने तीनशे लिहिले. फोनवर इंग्रजीत लाल अक्षरं आली. लाल शिक्के मारण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला लाल रंगाची भीती राहिलेली नसते. त्याने बटण दाबलं.

दहा मिनिटांत पैसे पोचले. तिहोमीरने दोन पेले राकिया, घरची फळांची दारू, ओतली. तेवढ्यात स्लाजानाचा फोन आला.

"बाबा, फी किती टाकलीत?"

"तीनशे."

"तीनशे काय?"

"दिनार. दुसरं काय असणार?"

तिने तो व्यवहार उघडून पाहिला. मग तिने समजावलं. तो आकडा एकूण फीचा नसतो, वजनाच्या एकेका एककाचा दर असतो. पाठवायची रक्कम किती हे तिथे कोणी बघत नाही, नोंद किती जड आहे ते बघतात. काकांनी त्रेचाळीस वेळा थोडं थोडं टाकलेलं; तेवढे सगळे तुकडे एका गाठोड्यात गेले. गाठोडं फार जड झालं. फी सत्तावन्न हजार दिनार.

तिहोमीरला हे पुन्हा समजवावं लागलं नाही, आणि तेच वाईट झालं. पार्सलात काय आहे त्यावर दर ठरत नाही, वजनावर ठरतो, हे वाक्य त्याने खिडकीमागून हजारो लोकांना ऐकवलं होतं. दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी दाढी करून, टाय लावून झिवानाकडे आला, सगळं सांगितलं आणि आपली मोटरसायकल विकतो म्हणाला. मोटरसायकल राहू द्या, म्हणत झिवाना कप विसळत राहिली.

दोघं ओब्रादच्या आवारात गेले. ठरला होता तो जोडदगड: डावीकडे रातोमिर, उजवीकडे झिवाना, नावाखाली जन्माचं साल, पुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मरणाच्या सालासाठी मोकळी जागा. तिथल्या सगळ्या विधवांची अशीच सोय असते. उरलेल्या पैशांत मात्र एकाच नावाचा दगड बसत होता.

ओब्राद चाचरत म्हणाला, "ताई, तुमचं नाव मग... गरज पडेल तेव्हा बघू."

तिहोमीरने तोंड फिरवून डोळे पुसले. झिवानाने आवारातल्या तयार दगडांवरून नजर फिरवली. पलीकडच्या गल्लीतल्या स्टामेंकाचं नाव एका दगडावर होतं. स्टामेंका तासाभरापूर्वीच बाजारात मिरच्यांचा भाव पाडताना दिसली होती.

"नकोच," झिवाना म्हणाली. "इतके महिने मला हेच बोलायचं होतं, पण बोलणार कोणापाशी? दर रविवारी जाऊन मी माझीच रेघ पुसत बसायची?"

प्रार्थनेच्या दिवशी बायका एकेक करून जवळ आल्या आणि तुझं नाव कसं नाही गं, म्हणून हळहळल्या. भाऊजींना फी कळली नाही, असं झिवाना मान खाली घालून सांगत होती. पानं वाढताना मात्र डुकराच्या मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा तिने तिहोमीरच्या ताटात घातला, आणि तो नको म्हणाला तेव्हा आणखी एक घातला.