आक्कासाहेबांच्या दुधाच्या पेल्याची हकीकत

श्रीगजाननाचें स्मरण करून, कुळदेवतेस दंडवत घालून, जें डोळां पाहिलें आणि जें पाहणारांचे मुखें ऐकिलें तेवढेंच लिहितों, पदरचें कांहीं घालीत नाहीं. शके सोळाशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, ते सालीं डोंगराआडचे एके राज्यीं, ज्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं, राजे सुभानराव गादीवर होते. राजे तीन वर्षांचे असतां पटकीची सांथ येऊन मातुश्री व तीर्थरूप एकाच दिवशीं कैलासवासी जाहले, आणि राजियांचेही पोटीं अन्न ठरेना, डोळे फिरले, लोकांनीं आशा सोडिली. तेव्हां वडील भगिनी भागीरथीबाई, ज्यांस सर्व आक्कासाहेब म्हणत, वय वर्षें अठरा, नुकतेंच वैधव्य आलेलें, त्यांणीं लेकरूं मांडीवर घेऊन कापसाचे बोळ्यानें थेंब थेंब दूध पाजिलें आणि लेकरूं वांचलें. मग राज्यही त्यांणींच राखिलें, आणि तेव्हांपासून तीस वर्षें रोज तिसरे प्रहरीं रुप्याचा पेला दुधानें भरून जातीनें घेऊन येत, आणि पेला रिता होईतों समोरून हालत नसत.

परंतु राजियांस तें दूध सोसत नव्हतें. पोट नगाऱ्यासारखें फुगे, मुरडा येई, अंगावर गांधी उठत, स्वारींत घोड्यावरून तीन तीन वेळां उतरणें पडे आणि शत्रूकडील लोक हंसत. तरी आक्कासाहेबांपुढें राजियांनीं चकार शब्द काढिला नाहीं. पौषांत आक्कासाहेब वारल्या, त्यांचे दालनास कुलूप पडलें, आणि राजे नेमानें आपले हातें पेला भरून पीत राहिले, आणि वैशाखांत रक्त पडूं लागलें. मग भैरवभट वैद्य आणविले. त्यांणीं नाडी पाहिली, रोजचे भोजनाची याद मागवून वाचिली, आणि बोलिले, "महाराज, औषध देत नाहीं. दूध सोडा. दही, ताक, लोणी, तूप, खरवस, गाईम्हशीचें जें जें असेल तें सोडा."

राजे बोलिले, "भटजी, याच दुधावर मी वांचलों."

"तेव्हां वांचलां. आतां त्यानेंच जाल."

मग राणीसाहेब दीपाबाईंनीं मुदपाकखान्यांत हुकूम फिरविला, आणि तेलाची फोडणी, नाचणीची भाकरी, कोकमाचें सार ऐसें चालू जाहलें, आणि एकवीस दिवसांत पोट बसलें, गांधी गेल्या, राजे घोड्यावर बसून नदीपावेतों जाऊन आले आणि बहुत वर्षांनीं मोठ्यानें हंसले. बाविसावे दिवशीं तिसरे प्रहरीं, टळटळीत ऊन असतां, वाड्यांत दूध उतूं जाऊन करपल्याचा वास सुटला, आणि राजियांचे उंबऱ्यावर रुप्याचा पेला, दुधानें भरलेला, वाफ निघत असलेला, दिसला. राणीसाहेबांनीं आचाऱ्यास बोलाविलें, तो शपथ घेऊन म्हणाला, "बाईसाहेब, आज चुलीवर दूध चढलेंच नाहीं." पहाऱ्यावर खेळोजी होता, भला माणूस, वीस वर्षें चाकरींत असलेला, तो म्हणाला, "कोणी आलें नाहीं जी. पडदा हालला, अन् माझे पायांस गार लागलें." ऐसें चार दिवस जाहलें. मग आक्कासाहेबांचे दालनाचें कुलूप काढविलें, आंत शेगडींत पौषांतली राख, राखेवर कोळियाचें जाळें, जाळें कोठें तुटलें नाहीं, आणि त्या शेगडीवर दुधाचें पातेलें होतें, आणि दुधावरली साय हालत होती. खेळोजी मागल्या पावलीं बाहेर आला.

पांचवे दिवशीं राजे एकले बसले असतां पेला आला आणि समोरची जमिनीची लांकडी फळी करकरली, जैशी आक्कासाहेब उभ्या राहिल्या म्हणजे करकरत असे, आणि मग कांहीं हालेना, कोणी जाईना. राजियांस तीन वर्षांचें लेकरूं होऊन बसल्यासारखें जाहलें. हात आपसूक गेला आणि पेला रिता केला. मग फळी पुन्हां करकरली. घटकाभरांत राजे भुईवर लोळूं लागले, तीन दिवस शुद्ध नव्हती, राज्यास वारस नाहीं, सरदार हलके आवाजांत बोलूं लागले. वैद्य राणीसाहेबांस म्हणाले, "आणखी एक पेला गेला तर माझा इलाज नाहीं." चवथे दिवशीं राजियांनीं डोळे उघडिले, तों उशाशीं पेला. राणीसाहेबांनीं तो खिडकींतून भिरकावून दिला. दुसरे दिवशीं दोन पेले आले.

मग राजे राणीसाहेबांचा खांदा धरून उठले आणि आक्कासाहेबांचे दालनाचे दारीं गेले. राणीसाहेब म्हणाल्या, "स्वारीनें आंत जाऊं नये." राजे म्हणाले, "तीस वर्षें बाहेरच राहिलों," आणि आंत जाऊन शेगडीपुढें बसले, आणि बोलिले, "आक्का, मला दूध सोसत नाहीं. कधींच सोसलें नाहीं. तुम्ही समोर उभ्या राहत, तुमचा जीव माझे घोटांत अडकलेला दिसे, म्हणून प्यालों. तुम्हीं मला वांचविलें, तें मी विसरलों नाहीं. पण आक्का, आतां हें नको. मला जगायचें आहे." मग पातेल्यावरली साय हालायची थांबली, आणि कोणी बाई तोंडांत पदर धरून रडावी ऐसा आवाज कोपऱ्यांतून आला, आणि दारांत उभ्या राणीसाहेबांनींही तो ऐकिला, आणि राजियांनीं तेथेंच भुईस डोकें टेकिलें.

मग आठ दिवस कांहीं आलें नाहीं. राजे तिसरे प्रहरीं उंबऱ्याकडे पाहत बसत. नववे दिवशीं पेला आला. राणीसाहेब आडव्या आल्या, वैद्यास बोलाविलें. वैद्यांनीं बोट बुडवून चाखिलें, पुन्हां चाखिलें, आणि कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "तांदळाची पेज आहे. दुधाचा थेंब नाहीं." राजियांनीं पेला दोहों हातीं धरिला, सावकाश सर्व प्याले, आणि समोर कोणी नसतां म्हणाले, "आक्का, मीठ थोडें कमी आहे."

दुसरे दिवशीं मीठ बरोबर होतें.

पुढें राजे सुभानराव अडतीस वर्षें जगले, दोन पुत्र जाहले, घोड्यावरून उतरणें पडलें नाहीं, आणि दूध वर्ज्य तें वर्ज्यच राहिलें. पेज किती वर्षें येत होती हें राणीसाहेबांस ठाऊक, त्यांणीं कोणास सांगितलें नाहीं. जैसें घडलें तैसें लिहिलें, अधिक उणें वाचणारांनीं सांभाळून घ्यावें.