दोन सूत प्ले

दगडूभाऊ गुरुवारी गेले. शुक्रवारी सकाळी आमचं दार कुणी हलवलं नाही.

एरवी फर्स्ट शिफ्टला जाताना ते आमच्या दाराची चौकट धरून गदागदा हलवत आणि आत झोपलेल्या आम्हांला निकाल सांगत, "मास्तर, प्ले हाय." प्ले म्हणजे ढिलेपणा. दोन भाग एकमेकांत बसवले आणि तरी हलले, तर त्यांच्यात प्ले आहे. भाऊ कंपनीत फिटर होते. हा शब्द त्यांनी कंपनीच्या गेटबाहेर आणला आणि साऱ्या कासारवाडीला लावला. टेबलाला प्ले होता, सरकारला होता, माझ्या चष्म्याला होता. एकदा शेजारच्या मुलीला बघायला आलेल्या मुलाचा हात हातात घेऊन त्यांनी तो नीट हलवून पाहिला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "पावनं, खांद्यात प्ले हाय." ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही.

जग हलू नये म्हणून हा माणूस स्वतः सतत हलत असे. चहा उभ्यानं, पेपर फेऱ्या मारत, आणि जेवताना डावा हात पाटाखाली. पाट डुगडुगतो का ते बघायला.

"आवं, घास तरी जागच्या जागी खावा," हौसाबाई, त्यांची बायको, म्हणत.

अशा माणसानं गाडी घेतली ती कापडी टपाची, टप मागे दुमडणारी. दिघीतल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं ती विकायला काढली होती. गावानं तिचं नाव 'बोडकी' ठेवलं.

"डोक्याव छप्पर आसल्याली मिळाली न्हाई व्हय?" हौसाबाईंनी विचारलं.

"पोरं वरनं आत सोडता येत्यात," भाऊ म्हणाले. "दार उघडायचं कामच न्हाई."

पोरं म्हणजे त्यांची नातवंडं. मुलगा अशोक भिलाईला इंजिनिअर होता. त्यानं तिकडच्याच मुलीशी लग्न केलं आणि भाऊ त्या लग्नाला गेले नाहीत. पुढे बापलेकात बोलणं उरलं नाही. जुळं झालं, आणि ते बसू लागलं तेव्हा सुनेनं फोटो पाठवला. भाऊंनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला, आणि थोड्याच दिवसांत बोडकी दारात उभी राहिली.

मग तिच्या मागच्या सीटवर दोन खुर्च्या बसवणं सुरू झालं. सायकलच्या दांडीवर लावतात तशा वेताच्या खुर्च्या, खाली लोखंडी चौकट, वर कॅनव्हासचा पट्टा. माप माझ्या मुलीचं, मंजूचं, कारण ती जुळ्यांच्याच वयाची. "मंजे, बस," म्हणत भाऊ सुतळी घेऊन हजर होत. चाचणीला मात्र मंजू द्यायला माझी बायको तयार झाली नाही, म्हणून खुर्चीत बाजरीचं पोतं बसवलं. रेल्वेच्या फाटकात गाडीनं उसळी घेतली. पोतं पट्ट्यातून निसटून रस्त्यावर पडलं, फुटलं, आणि आसपासच्या कोंबड्यांची चंगळ झाली.

"काय भाऊ, पोत्याला हवा खायला नेलं व्हतं का?" फाटकवाल्यानं विचारलं.

"पट्ट्यात प्ले व्हता," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

नंतर त्यांनी सीटच्या पाठीतून आरपार बोल्ट ठोकले. खुर्च्या हलेनात. पण बोल्टांची टोकं मागे नेमकी तिथे निघाली, जिथे टपाच्या कमानी दुमडून बसत. टप अर्ध्यावर अडकला. वर जाईना, खाली येईना. पदर सावरता सावरता थांबलेल्या नवरीसारखी बोडकी थेरगावपर्यंत हिंडू लागली.

"बोल्ट काढा की, भाऊ," मी म्हटलं.

"मास्तर, टप म्हत्त्वाचा का पोरं?"

पोरं मात्र येत नव्हती. दर मे महिन्याआधी हौसाबाई माझ्याकडून अशोकला पत्र लिहवून घेत, आणि वडिलांना दादा म्हणणाऱ्या अशोकचं उत्तर एकच येई: दादांनी बोलावलंय का?

"गाडी घेतली की!" भाऊ ओरडत. "आजून काय बोलवायचं?"

मे जाई. मंजू वाढे. भाऊ पुन्हा सुतळी आणत, खुर्च्या उसवत, रुंद करत. दोन मुलांना न बघता ते त्यांना वाढवत होते.

मंजू बालवाडीत जाऊ लागली त्या वर्षी भाऊंनी पट्टा असा आवळला की तिला खांदा उचलता येईना.

"हल बरं. न्हाई ना हलता येत? झीरो प्ले!"

"भाऊआजोबा," मंजू रडवेली होऊन म्हणाली, "आमच्या बाई म्हणतात, प्ले म्हणजे खेळणं."

भाऊंचा हात पट्ट्यावर थांबला. तो थांबलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"आसं व्हय?" ते म्हणाले. मग पट्टा सैल केला, पाना घेऊन चौकटही थोडी ढिली केली. "दोन सूत ठिवतो." फिटरांच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाना पुसत त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मास्तर, अशोकला कागुद लिवा. म्हणावं, तुजा बा बोलवतोय."

मी लिहिलं. अशोकचं उत्तर आलं: मे महिन्यात चौघं येतोय, तिकिटं काढली आहेत. भाऊंनी त्या दिवशी आमचं दार दोनदा हलवलं.

एप्रिलमधल्या गुरुवारी ते कामावरून आले, ओट्यावर बसले आणि उठले नाहीत.

शनिवारी अशोक आला. घरात माणसं दाटली होती, म्हणून जुळ्यांना घेऊन तो आमच्याकडे आला. दारात उभा राहून बोलता बोलता त्यानं चौकट धरली आणि हलवली. आपण काय केलं हे त्याला कळलं नसावं. मग मुलांनी गाडी बघितली. त्यानं एकेकाला उचलून वरून आत सोडलं. दोघंही खुर्च्यांत बरोब्बर बसली. अशोकनं एक खुर्ची हलवून पाहिली, पुन्हा हलवली.

"प्ले आहे," तो म्हणाला. "दादांच्या हातून कसा राहिला?"

"ठेवलाय," मंजू म्हणाली. "आम्हांला हलता यावं म्हणून."

अशोकनं दोघांचे पट्टे लावले, थोडे सैलच ठेवून.

बोडकी अजून अंगणात आहे. टप अर्ध्यावर आहे. खुर्च्या आहेत, आणि त्यांना दोन सूत प्ले आहे.