खालाच्या बुटक्या नणंदा

भिवंडीच्या कामतघरला नव्याने राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी एका अनोळखी बाईला सकाळी सकाळी विचारलं होतं, "लाज नाही वाटत, पिल्लाचं दूध काढता?"

माझं माहेर संगमनेरकडचं. तिकडच्या शेळ्या कमरेला लागायच्या. त्यामुळे शेळ्यांमधलं आपल्याला कळतं, अशी माझी पक्की खात्री. आणि इथे चाळीमागच्या वाडीत एक ठेंगणी बाई गुडघ्याएवढ्या ठिपकेदार करडाखाली भांडं धरून बसलेली! शेजारच्या शेडमध्ये कापड विणणारे लूम खडखडत होते, म्हणून मी लेकीला कडेवर घेऊन कुंपणावरून बेंबीच्या देठापासून भाषण ठोकलं. प्राणिमात्रांवर दया वगैरे सगळं आलं त्यात.

बाईने ऐकून घेतलं. मग टोपलीखालून मुठीएवढी दोन पिल्लं काढून माझ्यासमोर धरली.

"ही बाळंतीण हाय. ही तिची पोरं. आता सांग बाय, यातलं पिल्लू कोन? मला तर तूच दिसतंस."

ही रहमतखाला. शेजारची शेड तिच्या नवऱ्याची. ते वारले, मुलगा आखातात गेला, लूम भाड्याने दिले गेले. खालाकडे उरली मागची मूठभर वाडी, दोन शेवगे, एक विहीर आणि चार बरबरी शेळ्या. उत्तर प्रदेशातला एक कारीगर गावी परतताना तिला एक जोडी देऊन गेला होता. त्या जातीच्या शेळ्या वाढून वाढून एवढ्याच होतात, हे संगमनेरच्या तज्ज्ञाला कुठलं ठाऊक!

या चौघींना खालाने आपल्या चार नणंदांची नावं दिली होती. "आयशाबी, लाथ मारू नको. सासरी मला मारल्यास तेवढ्या पुरे!" असं ती बिनदिक्कत बोलायची. एकदा खरी आयशाबी दारात उभी असतानाही ती हेच बोलली. खाला जराही गडबडली नाही. "तुला न्हाय गो, धाकटीला," म्हणाली आणि पाव्हणीला चहा दिला. त्याच धाकटीच्या दुधाचा!

"उंची नको बघू, कास बघ," हे तिचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर. चाळीतल्या सुमनला बुटका मुलगा सांगून आला, तेव्हा सुमनच्या आईलाही तिने हेच ऐकवलं. ती माउली पंधरा दिवस बोलली नाही. मुलगा मात्र चांगला निघाला.

माझ्या लेकीला गाईचं दूध पचेना. पोटात काही ठरेना, हातापायांच्या काड्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, शेळीचं देऊन बघा. ज्या कुंपणावरून भाषण केलं, त्याच कुंपणाशी मी लोटी घेऊन उभी राहिले.

"ये," खाला म्हणाली. "पिल्लाचं दूध चालंल ना?"

चाललं! लेकीच्या गालांवर महिन्याभरात तकाकी आली. पण खालाची एक अट होती. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, सगळीकडे सामसूम. आणि तिच्या नणंदा म्हणे लूमच्या आवाजाशिवाय पान्हा सोडत नाहीत. तेव्हा दर शुक्रवारी मी वाडीत यायचं आणि तिच्या नवऱ्याचा जुना धोटा, म्हणजे लूममध्ये इकडून तिकडे पळणारा तो लाकडी तुकडा, पत्र्याच्या डब्यावर आपटायचा. खट खटाक्, खट खटाक्. लेकीच्या दुधाचा प्रश्न! मी मान खाली घालून बडवत बसे. लय चुकली की खाला ओरडे, "धागा तुटला बघ!" दूध काढून झालं, तरी "अजून थोडं वाजव, त्यांना बरं वाटतं," म्हणे. मग चहा, मग नणंदांच्या कागाळ्या. दुपार कधी व्हायची कळत नसे. चाळीतली पोरं मला 'लूमवाली काकू' म्हणायची आणि यजमान विचारायचे, "आज ड्युटी का?"

दोन वर्षं मी ही ड्युटी केली.

मग एका शुक्रवारी खाला तापाने पडली. मी पोचले, तर आयशाबीची कास ताठलेली, ती ओरडून वाडी डोक्यावर घेतेय. धारा काढायला मला येत होतं, पण हात दोनच. डबा कोण वाजवणार? मी 'आयशाबी, दया कर' म्हणत तशीच बसले. आजूबाजूला चिटपाखराचा आवाज नाही. आणि त्या बयेने शेवग्याचा पाला चघळत लोटी काठोकाठ भरून दिली! बाकीच्या तिघींनीही तेच केलं.

मी लोटी घेऊन तणतणत आत गेले. "खाला, तू मला फसवलंस! दोन वर्षं डबा बडवून माझे हात भरून आले. आवाज लागत नाही तुझ्या नणंदांना!"

खालाने गोधडीतून तोंड बाहेर काढलं. आधी लोटीत डोकावली आणि मग म्हणाली, "त्यांना कशाला लागंल गो? मला लागतो. बाकीचे दिवस लूम बोलतात. शुक्रवारी आमचे हे घरी असायचे, ते बोलायचे. दूध घरी देऊन ये जा. आनि येताना तो डबा घेऊन ये."