मागच्या सीटचे खड्डे

मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे बसवल्यापासून दिनकरराव हुपरीकरांच्या गाडीला जुने खड्डे लागू लागले.

शॉक चांगल्या प्रतीचे होते. पत्नी प्रमिलाबाईंच्या पाठीसाठीच घातले होते, कारण त्या पहिल्यापासून मागे बसत. आधी लेकीला, शर्वरीला मांडीवर घेऊन, नंतर सवयीनं. पण आता बायपासच्या गुळगुळीत डांबरावरही मागची बाजू दाणकन आदळे. पुढं बसलेल्या दिनकररावांना काहीच लागत नसे.

सिकंदर मिस्त्रींनी टायरची हवा पाहिली. गाडी जमिनीवर टेकवून बोल्ट पुन्हा आवळले. शेवटी ते स्वतः प्रमिलाबाईंशेजारी मागे बसले. तीन किलोमीटरवर दोघंही उडाले.

"हा खड्डा इथला न्हाई," मिस्त्री म्हणाले.

"आंबोलीचा आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "शर्वरी तेव्हा दोन वर्षांची. खिडकीतून उलटी केली होती."

मिस्त्रींनी मान हलवली. "काका, जुने शॉक काढताना रिकामे करायचं राहिलं. एकोणीस वर्षांचे धक्के पोटात घेऊन बसले होते. ते गाडीतच राहिले की."

"मग पुढचे?"

"पुढं तुम्ही. प्रत्येक खड्ड्याला नगरपालिकेचा उद्धार करून मोकळे होत असणार. काकी बोलल्या न्हाईत, म्हणून मागं साठलं. आता येतील तसे येऊ द्यायचे. संपले की गाडी लोण्यासारखी."

त्यामुळे दोघं रोज सकाळी खड्डे संपवायला निघू लागले. प्रमिलाबाई पाठीला उशी लावून एकेक ओळखत. हा गणपतीपुळ्याचा. हा शर्वरीच्या शाळेपुढचा. आदळल्यावर त्या कळवळत, मग हसतही. दिनकररावांना हे आवडू लागलं होतं. पण आठव्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना फोन केला.

"मधलाच एखादा काढून टाकता येतो का?"

"कुठला, काका?"

"अंकलीचा. गतिरोधक आहे."

"न्हाई जमत. ओळीनंच येणार."

अंकलीचा तो गतिरोधक लागला, त्या दिवशी प्रमिलाबाईंच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. दिनकररावांची ऑफिसातली बैठक लांबली, निघायला उशीर झाला, वाटेत शब्दाला शब्द वाढला. रागाच्या भरात त्यांनी गतिरोधक तसाच उडवला. मागून टपाला डोकं आपटल्याचा आवाज आला. ते समोरच बघत राहिले. अक्षता तर चुकल्याच.

दुसऱ्या दिवशी बायपासवर औदुंबरचा खड्डा लागून गेला. त्यानंतरचा कुठला, ते दोघांनाही ठाऊक होतं. प्रमिलाबाईंनी पुढच्या सीटची पाठ धरली. दिनकररावांनी सपाट रस्त्यावर गाडी पहिल्या गिअरवर आणली. मागून हॉर्न वाजू लागले. मोटारसायकलवरचा हवालदार खिडकीशी आला.

"काय झालं, काका?"

"गतिरोधक आहे."

हवालदारानं रस्ता पाहिला. "कधीचा?"

"बारा-तेरा वर्षं झाली."

"बरं. मग सिग्नल द्या ना. मागच्यांना कसं कळणार?"

त्यानं हात आडवा करून मागची वाहनं थांबवली. दिनकररावांनी सिग्नल दिला आणि क्लच अलगद सोडला. गाडीची मागची बाजू हळूच वर उचलली गेली, क्षणभर थांबली आणि पाळण्यासारखी खाली आली. हवालदारानं वाहतूक सुरू केली.



"टेंगूळ आलं होतं मला," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आवाज आला होता," दिनकरराव म्हणाले. "तेव्हाच थांबायला हवं होतं मी."

त्यांनी आरशात पाहिलं. प्रमिलाबाई पाठीमागची उशी नीट करत होत्या.

"आता परतीचा येईल," त्या म्हणाल्या. "तोही तसाच उडवला होतात. सावकाश घ्या."

दिनकररावांनी पुन्हा सिग्नल दिला.