हिंदुराव, चप्पल सोड!

कुत्रं घरी येऊन आठवडा उलटला तरी त्याला नाव नव्हतं. योगेश त्याला "शुक शुक" म्हणायचा आणि तेही बिचारं त्या हाकेला रुळत चाललं होतं. दोष निकिताचा होता. चारचौघांकडे असते ती गोष्ट आपल्याकडे नको, हा तिचा बाणा. पडद्याचं कापड पसंत करायला तिने अख्खा उन्हाळा घालवला होता. हे तर कुत्रं होतं.

"ब्रूनो ठेवून मोकळी हो," योगेश म्हणाला.

"एकट्या माझ्या टीममध्ये तीन ब्रूनो आहेत."

"मग सिंबा."

"गॅलरीत उभी राहून सिंबा म्हणून ओरडले ना, तर निम्म्या कर्वेनगरातली कुत्री येतील. मला विंटेज नाव हवंय, योगेश."

"चार्ल्स वगैरे?"

"ते त्यांचं विंटेज झालं. मला आपलं हवंय. नुसतं नाव ऐकून डोळ्यांसमोर फेटा आला पाहिजे!"

योगेशने कुत्र्याकडे पाहिलं. खडकी स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीखालून उचलून आणलेला तो जीव एक कान उभा आणि एक कान पाडून योगेशचा मोजा चघळत होता. फेटा बांधला तर तो कुठल्या कानावर टेकायचा, हाच प्रश्न होता.

पुण्यात भाड्याचं घर मिळतं आणि कुत्रं तर फुकट मिळतं, पण दोन्ही एकाच वेळी मिळणं कठीण. योगेश आणि निकिता दोघंही यवतमाळकडची, आयटीत नोकरीला. दोघं राहत होती आप्पांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. आप्पांचं घराणं इथे शेतं होती तेव्हापासूनचं. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटच्या सोसायट्या झाल्या, आप्पा मात्र जिथे गोठा होता तिथे बंगला बांधून बसून राहिले. बंगला सूनबाईंच्या नावावर होता, त्यामुळे भाडेकरारावर 'तनुजा रणजित' एवढंच होतं. मुलगा आणि सून राहायची बाणेरला. इथे खाली आप्पा आणि सरुबाई. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, सरुबाई "अहो" म्हणायच्या. त्यांना यापलीकडे एखादं नाव असेल, हा विचार कुणाच्याही मनात आला नव्हता.

कुत्र्याची परवानगी मागायला योगेश खाली गेला तेव्हा आप्पांनी बराच वेळ मिशीवर हात फिरवला होता.

"आना," ते म्हणाले. "पन दिवाळीपत्तुर बगू. काय तरास झाला तर कुत्र्यानं जायाचं. तुमी ऱ्हायला आमची ना न्हाई."

तेव्हा कुत्र्याचं भवितव्य आप्पांच्या मर्जीवर लटकलेलं होतं आणि निकिताचा तर आठवडाभरात त्या उभ्या कानावर इतका जीव जडला होता की त्याच्याशिवाय घर हा विचारही तिला नको वाटायचा.

नाव सापडलं ते गच्चीवर. पाण्याच्या टाकीच्या गळतीखाली एक जुनं पितळी पातेलं ठेवलेलं होतं. कुत्र्याला पाणी प्यायला बरं, म्हणून निकिताने ते खाली आणून चिंचेने घासलं, तर काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव उजळलं. पुढचं-मागचं सगळं झिजून गेलं होतं. उरलं होतं फक्त 'हिंदुराव'.

"हिंदुराव!" निकिता जवळजवळ नाचलीच. "योगेश, फेटा! मला फेटा दिसतोय!"

"अगं, पण हे कोणाचं तरी नाव असेल ना?"

"भांड्यावरचं नाव कधी घरातल्या माणसाचं असतं का? आमच्या घरी कळशीवर 'सौ. दीपमाला' लिहिलंय. या दीपमालाबाई कोण, हे आईला माहीत नाही, आजीलाही नव्हतं. कुणाच्या तरी लग्नात आलेलं असतं आणि पुढे फिरत राहतं."

यात चूक काढता येत नव्हती. आपल्याकडे एकाचं भांडं दुसऱ्याच्या घरात तिसऱ्याचं नाव घेऊन सुखाने नांदत असतं. योगेशच्या आईच्या डब्यावर तर एका क्रीडा मंडळाचं नाव होतं. त्यामुळे तोही गप्प बसला. कुत्र्याला आत्या नसल्यामुळे निकितानेच त्याच्या उभ्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगितलं. आणि नवल म्हणजे, पहिल्याच हाकेला मोजा टाकून कुत्रं धावत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा अंगणात बाजेवर आडवे होऊन कोवळं ऊन खात होते. वरून खणखणीत बाईमाणसाचा आवाज आला.

"हिंदुराव! सकाळी सकाळी काय लोळतोयस? ऊठ बघू!"

आप्पा उठून बसले. इकडेतिकडे पाहिलं. अंगणात चिटपाखरू नव्हतं. या सुरात त्यांना हाक मारणारं माणूस म्हणजे त्यांची आई, आणि ती जाऊन कैक वर्षं झाली होती. ते मुकाट्याने आत जाऊन सदरा घालून आले.

त्यानंतरच्या दिवशी सरुबाई देवळात गेल्या होत्या. आप्पांना साखरेचा त्रास, गोड बंद. त्यामुळे त्यांनी पेरूच्या झाडाआड उभं राहून, सुनेने पाठवलेल्या बॉक्समधला पेढा तोंडात टाकला.

"हिंदुराव! तोंडात काय आहे? काय खाल्लंस? थुंक आधी ते!"

आप्पांनी पेढा थुंकून टाकला. नंतर कितीतरी वेळ ते आभाळाकडे बघत उभे होते.

तिसऱ्या दिवशी भांडं फुटलं. बजरंगतात्या आले होते. हे आप्पांचे बालमित्र, एकाच शाळेतून एकाच दिवशी पळालेले. दोघांचा चहा झाला, आप्पा मित्राला फाटकापर्यंत सोडायला उठले आणि चपलेत पाय घालणार, तोच वरून आवाज आला.

"हिंदुराव, चप्पल सोड!"

आप्पांनी पाय मागे घेतला.

"आरं," बजरंगतात्या डोळे बारीक करून म्हणाले, "हिंदुराव म्हनून तुला कोन हाक मारतंय? मी बी कदी मारत न्हाई."

"रोज मारतंय कुनीतरी," आप्पा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "कुनाला बोललो न्हाई मी. वरून येतंय."

"वरूनच येतोय आवाज," तात्या म्हणाले, आणि तेवढ्यात जिन्यावरून निकिता उतरली. हातात पट्टा, पट्ट्याच्या टोकाला कुत्रं.

"चल रे हिंदुराव, शूला जायचंय ना? गुड बॉय!"

बजरंगतात्या बाजेवर बसले ते पोट धरूनच. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आजोबा, काय झालं?" निकिताने काळजीने विचारलं.

"पोरी, कुत्र्याचं नाव काय म्हनलीस?"

"हिंदुराव. विंटेज आहे. छान आहे ना?"

"झ्याक हाय." तात्यांनी आप्पांकडे बोट केलं. "ह्ये बी विंटेजच हाय. आन् नाव बी त्येच हाय."

निकिताने आप्पांकडे पाहिलं. आप्पांच्या मिशा थरथरत होत्या. कुत्र्याने मात्र आपल्या नावाचा विषय निघालाय हे ओळखून आनंदाने शेपूट हलवली.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. कोपऱ्यावरच्या कचरू भाजीवाल्याने मेथीची जुडी पुढे करत गंभीरपणे विचारलं, "आप्पा, आत्ताच घेताय, का आदी शूला जाऊन येताय?" आप्पा मेथी न घेताच घरी आले.

योगेश-निकिता माफी मागायला खाली गेली तेव्हा आप्पा खुर्चीत ताठ बसले होते. योगेश घाबरला की त्याची यवतमाळची भाषा वर यायची.

"आम्हाले खरंच माहीत नव्हतं बाप्पा! पातेल्यावर होतं, म्हणून…"

"कंच्या पातेल्यावर?" दारातून सरुबाईंनी विचारलं.

निकिताने खाली मान घालून पितळी पातेल्याचं सांगितलं.

"माज्या लग्नातलं पातेलं!" सरुबाई म्हणाल्या. "त्यात कुत्रं पानी पितंय?"

म्हणजे आता गुन्हे दोन झाले. आप्पांनी निकाल दिला. "आमच्या आज्यानं ठिवलेलं नाव हाय त्ये. आजून कुनी त्याला बट्टा लावला न्हवता. रविवारी मी सोता बगनार. कुत्रं दुसऱ्या नावाला आलं, तर ऱ्हाईल. न्हाई आलं, तर त्याची सोय बगा. बास."

निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांना ते दिसलं असावं, कारण ते लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. पण शब्द तोंडातून गेला होता आणि आप्पांच्या घराण्यात शब्द मागे घ्यायची पद्धत नव्हती.

त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर खिडक्या बंद करून शिकवणी चालली. मोती झालं, शेरू झालं, खंड्या झालं. शेवटी निकिताने मन मोठं करून ब्रूनोसुद्धा म्हणून पाहिलं. कुत्रं बिस्किट खायचं आणि तिच्याकडे सहानुभूतीने बघत बसायचं. एवढी धडधाकट बाई, आणि हिला आपलं नाव आठवेना, असा त्याचा चेहरा. वैतागून योगेशच्या तोंडून "अरे हिंदु…" एवढं निघालं की निकिता त्याचं तोंड दाबायची आणि कुत्रं मात्र उडी मारून हजर.

त्यातून दोघांना आठवड्यातले काही दिवस ऑफिसला जावंच लागायचं. त्या दिवशी कुत्रं जिन्याच्या खालच्या चौकात सोडलेलं असायचं. म्हणजे दुपारची शिकवणीही बुडाली.

रविवार उजाडला. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून बाजेवर बसले. साक्षीदार म्हणून बजरंगतात्या आले होते. ते पानाचा डबा घेऊन, नाटकाला आल्यासारखे मांडी घालून बसले. कुत्र्याला पेरूच्या झाडाखाली सोडलं.

"नुसतं नाव घ्यायाचं," आप्पांनी बजावलं. "हात न्हाई, बिस्कुट न्हाई."

"मोती," निकिताने हाक मारली. "मोती, मोती…"

कुत्र्याने पाय वर करून कान खाजवला.

"शेरू!" योगेश ओरडला. "शेऱ्या! ये ना बाप्पा!"

कुत्रं आडवं झालं. निकिताने ओढणीचं टोक तोंडाला लावलं. तात्यांचं पान चघळणं थांबलं. आप्पांनी खाकरून घसा साफ केला, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

"मंग," ते जड आवाजात म्हणाले, "ठरल्याप्रमानं…"

"अहो!" स्वयंपाकघरातून सरुबाईंची हाक आली. "च्या झालाय!"

आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. ते अर्धे उठतात न उठतात, तोच त्यांच्या शेजारून काहीतरी सुसाट गेलं. कुत्रं स्वयंपाकघराच्या दारात पोचलं होतं, सरुबाईंच्या पायाशी बसून शेपटीने जमीन झाडत होतं.

तात्यांनी पानाचा डबा बाजूला ठेवला.

"ह्ये काय?" आप्पांनी विचारलं.

सरुबाईंनी पदर सावरला. "काय म्हंजी? ही पोरं हापिसात जात्यात. मुकं जनावर दुपारचं उपाशी बसंल व्हय? भाकरी घालायची तर हाक मारायला नको?"

"मंग?"

"मंग मी काय तुमचं नाव घिऊ? कुत्र्याला असलं म्हनून काय झालं, नवऱ्याचं नाव त्ये नवऱ्याचंच नाव. उखान्याबिगर कदी घेतलंय मी? तवा तुमी दुपारी निजला का म्हनलं, 'अहो, या, जेवून घ्या.' आलं. लई गुनाचं हाय. पयल्या हाकंला येतं."

"म्हंजी तुज्यापरास बरं," बजरंगतात्या आप्पांना म्हणाले.

कुत्रं दुसऱ्या नावाला आलं होतं, चार माणसांच्या साक्षीने आलं होतं. अट त्यांचीच होती.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पन त्याला पातेलं दुसरं द्या."

निकिताने कुत्र्याला मिठीच मारली. मग डोळे पुसत ती म्हणाली, "अहो! याच्याहून विंटेज नाव जगात शोधून सापडलं नसतं!" योगेशला लग्न झाल्यापासून या शब्दाने कुणी हाक मारली नव्हती, त्यामुळे त्याने चुकून "काय?" विचारलं. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

सगळं गोड झालं असं वाटलं, पण त्रास आता आप्पांना सुरू झाला. सरुबाईंनी "अहो, च्या!" म्हटलं की आप्पा गुडघे सावरून पोचेपर्यंत दारात कुत्रं बसलेलं असायचं. "अहो, जेवायला!" म्हटलं की पहिली भाकरी त्याला जायची. "अहो, जरा हिकडं या," म्हणून सरुबाई गुपित सांगायला वळायच्या, तर समोर एक उभा आणि एक पडलेला कान. आप्पांचा चहा रोज गार व्हायला लागला. सरुबाईंना ते दिसत होतं.

एके दिवशी सकाळी कुत्रं फाटकाशी ऊन खात पडलं होतं, आप्पा पेरूखाली पेपर वाचत होते. वर गॅलरीत निकिता कपडे वाळत घालत होती. सरुबाई चहाचा कप घेऊन दारात आल्या. "अ…" त्यांनी सुरुवात केली आणि थांबल्या. कुत्र्याने एक डोळा उघडला. सरुबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि कपाकडे बघत, लग्नातल्यासारखं लाजत म्हणाल्या,

"हिंदुराव… च्या."

निकिताच्या हातातला टॉवेलचा चिमटा खाली पडला. कुत्रं टुणकन उठलं, कारण ते नावही त्याचंच होतं, आणि जीव खाऊन पळत सुटलं. पण आप्पांचा पेपर आधीच जमिनीवर पडलेला होता, आणि आज कुत्रं दारात पोचलं तेव्हा आप्पा तिथे उभे होते.