उणे आठ

गणित कधी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, आणि पुरावा म्हणून गणित दाखवतात.

हेमचंद्र बहरीनमध्ये सनाबिसला राहायचे आणि एका कंत्राटी कंपनीत अकाउंटंट होते. कंपनीत मराठी माणसं दोन: हे, आणि ड्रायव्हर गुंडू. गणपतीच्या आठवड्यात दोघांनाही सुटी हवी होती. हेमचंद्रांच्या मुलीला, सावनीला, पुण्यात मुलगा झाला होता, त्याचं बारसं होतं. गुंडूच्या गावी घराण्याचा गणपती यंदा त्याच्या पाळीला आला होता. पाळी सात वर्षांनी येते. मॅनेजर ताहिरनं दोन्ही अर्ज सारख्याच सहानुभूतीनं वाचले आणि म्हणाला, "एक जाएगा. आपस में देख लो. खलास."

आपसात बघण्याचा शास्त्रीय मार्ग हेमचंद्रांनीच सुचवला: एकवीस, म्हणजे ब्लॅकजॅक: पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की डाव गेला. (गुंडूला त्यांनी हे सांगितलं नाही, की गेले तीन आठवडे ते पत्ते मोजण्याची पद्धत शिकत होते. विद्वानानं विद्येची जाहिरात करू नये.) पद्धत पोरालाही जमेल अशी. दुर्री ते छक्की दिसली की अधिक एक, दश्शी ते एक्का दिसला की उणे एक, मधली पानं सोडून द्यायची. बेरीज अधिकात गेली, म्हणजे पुढे मोठी, खेळणाऱ्याच्या फायद्याची पानं उरली, की मूठभर लावा; उण्यात गेली की एकच दाणा. लावायचे होते चणे, कारण बहरीनमध्ये जुगाराला बंदी आहे. (सुटीला बंदी नाही. ती फक्त मिळत नाही.)

शुक्रवारी जेवणं झाल्यावर दोघं बसले. पन्नास-पन्नास चणे, वीस डाव; शेवटी ज्याचे चणे जास्त, त्याची सुटी. पानं वाटायला आणि चण्यांची बँक सांभाळायला हेमचंद्रांच्या पत्नी, उल्कावहिनी. त्या दर दोन डावांनी पत्ते पिसायच्या, माहेरची शिस्त.

पहिल्या दोन डावांनंतर हेमचंद्रांची बेरीज उणे सात. पिसून पुन्हा सुरू: उणे आठ. पुन्हा उणे आठ. लहान पानं मागे दडून बसली आहेत, हे उघड होतं. हेमचंद्रांनी संयम पाळला, दर डावाला एक चणा लावला. बँकेत असते तर बढती मिळाली असती.

गुंडू मूठमूठ लावत होता.

"आणखी पान देऊ का, भाऊजी?"

"माका नको, वैनी. दोन पानातच भागता."

"अरे गुंडू, काही पद्धत आहे का तुझी?"

"कसली पद्धत, साहेब? राजा इलो की बरा वाटता."

शेवटच्या डावाला हेमचंद्रांकडे सोळा होते. आता तिर्री नाही तर चौकी, दुसरं येणारच काय? त्यांनी पान मागितलं. बदामचा राजा आला.

गुंडू एक्क्याऐंशी, हेमचंद्र सेहेचाळीस.

पत्त्यांचा कॅट ठेवायला उल्कावहिनींनी खण उघडला. आत रबर लावलेली बावीस पानं होती.

"हे काय आहे?"

"दुर्री ते छक्की, आणि दोन सत्त्या. आम्ही बायका तीन-दोन-पाच खेळतो ना, त्यात ती लागत नाहीत."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही म्हणालात, कॅट आण. मोजून आण कुठे म्हणालात?"

हेमचंद्र खाली बसले आणि त्यांनी हिशेब मांडला. वीस लहान पानं आधीच बाहेर, म्हणजे डाव सुरू होतानाच बेरीज अधिक वीस. जगातल्या कुठल्याही कॅसिनोत सापडणार नाही इतका अनुकूल कॅट त्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर होता, आणि ते एक-एक चणा लावत होते. निष्कर्ष निर्विवाद आहे: पद्धत शंभर टक्के चालते.

बारसं त्यांनी फोनवर पाहिलं. नाव ठेवताना नेमकं नेट गेलं. तेव्हा गुंडू गावी आरतीत झांजा वाजवत होता, आणि त्याला उण्याचं चिन्ह कसं काढतात तेही ठाऊक नव्हतं.

हसलात? हसा. पद्धत तुमचीही असेलच: एसआयपीची, मुलाच्या ॲडमिशनची, पोरीला स्थळं बघण्याची. बरोबरच असणार, तुम्ही शिकलेले आहात. घरातली उरलेली पानं कुठल्या खणात आहेत, तेवढं एकदा बायकोला विचारा. शेवटचं कधी विचारलं होतं तिला काही?