रत्नागिरीत हीटर कशाला

आषाढातल्या एका सोमवारी दुपारी चार वाजता माझी बहीण, आक्का, गेली. चौदाव्या दिवशी सकाळी माझ्या मेव्हण्यांनी ट्रकचा डॅशबोर्ड उघडला आणि हीटरचा पंखा दुरुस्त करायला घेतला.

हा हीटर रत्नागिरीतला आहे, हे मुद्दाम सांगतो. आमच्याकडे ऐन पौषातही माणसं उघड्या अंगाने पडवीत झोपतात. स्वेटर असतो तो मुंबईच्या नातेवाइकांनी दिलेला, आणि तो घालून बाहेर पडलं की लोक बरं नाही का म्हणून विचारतात. अशा गावात भावोजींनी लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक आणला होता. तो आधी कुठेतरी बर्फात चालला असावा, कारण त्याला हीटर होता. समोरची काच डावी-उजवी अशी दोन तुकड्यांची होती. तिच्याखाली वाफ घालवण्यासाठी बारीक फटी होत्या आणि त्यांतून हवा ढकलणारा एक पंखा होता. दांडी इकडे केली की गरम हवा, तिकडे केली की बाहेरची गार. ट्रक आला तेव्हा हा पंखा चालत असे. पुढे तो बंद पडला आणि तीन वर्षं त्याची कोणाला आठवण झाली नाही. निदान मला तसं वाटत होतं.

भावोजींचं नाव दत्ताराम. ते चिऱ्यांची वाहतूक करत. जांभ्याच्या खाणीवर चिरे भरायचे आणि जिथे कोणाचं घर उठत असेल तिथे नेऊन टाकायचे. अंगाने काटकुळे, कानावर पेन्सिल, आणि भुवयांपर्यंत चिऱ्यांची तांबडी धूळ. माणसांशी ते अरे-तुरे करत, अगदी बँकेतल्या साहेबाशीसुद्धा. ट्रकशी मात्र अहो-जाहो. चढावर गियर बदलताना ते अदबीने विचारत, "काय, आज वर यायचा विचार नाय वाटता तुमचा?" आक्काला ते 'गो' म्हणून हाक मारत. ती म्हणायची, "एकदा मला ट्रक समजा, म्हणजे तरी अहो म्हणाल."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पयला कारण खोटा असता." कोणतीही वस्तू बिघडली की सगळ्यांना जे कारण आधी सुचतं ते कारण नसतंच, असा त्यांचा ठाम समज होता. घरातला रेडिओ एकदा गप्प झाला. सेल संपले असतील, असं मी म्हणालो. भावोजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि रेडिओ उघडला. दोन दिवस तो जेवणाच्या पाटावर आतडी काढल्यासारखा पडून होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो जुळवला, तीन स्क्रू उरले, आणि रेडिओ लागला. ते चहा पीत माझ्याकडे विजयाने बघत होते. आत स्वयंपाकघरात आक्काने मला हळूच दोन जुने सेल दाखवले आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे निम्मे शोध असेच लागलेले होते. त्यामागे ती असायची.

तर या माणसाने चौदाव्या दिवशी डॅशबोर्ड उघडला. तेराव्यापर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. भटजी सांगतील तसं ते करत होते आणि मधूनच मान वळवून अंगणातल्या ट्रकाकडे बघत होते. मला तेव्हाच राग आला होता. पण खरा राग आला तो पुढच्या रविवारी. मी गेलो तेव्हा ते केबिनमध्ये आडवे झाले होते आणि शेजारच्या सीटवर आक्काचा मिसळणाचा डबा उघडा होता. मोहरीच्या वाटीत वायसर. जिऱ्याच्या वाटीत स्क्रू. हळदीच्या वाटीत नटबोल्ट, हळदीसकट. त्यांच्या नखांत ग्रीस आणि हळद एकत्र झाली होती.

मी म्हणालो, हा आक्काचा डबा आहे.

"सात वाट्या हायत," ते म्हणाले. "मिसळत नाय काय त्यात."

आईने तो डबा पाहिला आणि ती त्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. मात्र दर रविवारी ती भाजी-भाकरी बांधून माझ्या हाती द्यायची. तिकडे चूल पेटत नसेल, हे रागावलेल्या माणसालाही कळतं. म्हणून मी जायचो. आणि मी गेलो की भावोजी सीटखालून एक जाडं इंग्रजी पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवायचे. ट्रकबरोबर आलेलं ते दुरुस्तीचं पुस्तक. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. आयुष्यभर जे वाचलं त्याचा हा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

"वाच, मास्तर."

मी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. ते खाली डोकं घालून करायचे. बिघाड शोधण्याचा एक तक्ता त्या पुस्तकात होता. 'पंखा फिरत नाही' या ओळीसमोर क्रमाने कारणं दिली होती. पहिलं कारण, फ्यूज. दुसरं, स्विच. तिसरं, तारा. मी पहिली ओळ वाचली की ते म्हणायचे, "ती सोड. पुढं." मी पुढे जायचो. एकदा मला एका पानावर असं वाक्य सापडलं की उष्ण प्रदेशात हीटरची गरज नसल्यास तो काढून टाकावा. मी ते मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचलं. खालून पाना बाहेर आला आणि परत आत गेला. मग ते म्हणाले, "ता पान फाटलेला हाय असा समज."

श्रावणात त्यांनी स्विच उघडला. भाद्रपदात एक बल्ब आणि दोन वायरी घेऊन तारा तपासल्या, म्हणजे बॅटरीची वीज एका टोकाला दिली की तार शाबूत असेल तर दुसऱ्या टोकाला बल्ब पेटायला हवा. पण फ्यूजच्या बाजूने सुरुवात न करता ते पंख्याकडून मागे मागे यायचे आणि फ्यूजपाशी आले की थांबायचे. "हितपर्यंत बरोबर हाय," असं म्हणून पुन्हा दुसरीकडे. नवरात्रात पंख्याची मोटार बाहेर आली. तिला वीज पोचवणारे कार्बन झिजले होते, तर त्यांनी टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी कांडी घासून नवे बनवले. हवेच्या नळीत आंब्याच्या पेट्यांतला भाताचा पेंढा आणि उंदराचं घर निघालं. थंडीत त्यांनी इंजिनातलं गरम पाणी हीटरमध्ये सोडणारी गंजलेली तोटी सोडवली. प्रत्येक वेळी काहीतरी खराब निघायचंच. प्रत्येक वेळी ते दुरुस्त व्हायचं. आणि पंखा फिरायचा नाही.

गावाला हा तमाशा फुकटचा होता. एसटी स्टँडमागे ज्यांचं गॅरेज आहे ते हमीदभाई येता-जाता कुंपणापाशी थांबायचे. दोघांची जुनी दोस्ती.

"दत्ताराम, रत्नागिरीत हीटर कशाला रे? पापड सुकवतोस काय?" ते विचारायचे. मग आवाज उतरवून, "फ्यूज बघ आधी. आणि घाटात काचेवर वाफ धरते म्हणत असशील तर तंबाखू चोळ. सगळे चोळतात."

"पयला कारण खोटा असता," भावोजी आतून म्हणायचे.

हमीदभाई माझ्याकडे बघून मान हलवायचे. चिऱ्यांची गिऱ्हाइकं एकेक करून दुसऱ्या ट्रककडे गेली. पंखा चालल्याशिवाय गाडी बाहेर काढणार नाही, असं भावोजींनी खाणीवर सांगून टाकलं होतं. मी रागाने धुमसत होतो. बायको जाते आणि माणूस हीटर दुरुस्त करत बसतो. तिच्याबद्दल एक शब्द नाही. त्या सोमवारच्या प्रवासाबद्दल एक शब्द नाही.

त्या सोमवारबद्दल मला ठाऊक होतं ते एवढंच. आक्काच्या पोटात पहाटेपासून कळा येत होत्या. इथल्या डॉक्टरांनी ताबडतोब कोल्हापूरला न्या म्हणून सांगितलं. ही कोकणात रेल्वे यायच्या आधीची गोष्ट; त्या पावसात दुसरी गाडी मिळाली नाही, म्हणून भावोजींनी तिला ट्रकमध्ये बसवलं. शाळेवरून जाताना त्यांनी शिपायाकडून मला बरोबर चल म्हणून निरोप पाठवला. माझे तास होते. मी चिठ्ठीवर लिहिलं, उद्याच्या एसटीने येतो.

पुन्हा आषाढ आला. वर्षश्राद्धाच्या आदल्या रविवारी मी डबा घेऊन गेलो. पाऊस मुसळधार होता. भावोजींनी बॅटरी भरावी म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं. आम्ही दोघं केबिनमध्ये काचा लावून बसलो. त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाच, मास्तर. पयल्यापासून."

मी तक्त्याची पहिली ओळ वाचली.

"ती सोड."

मी पुस्तक मिटलं. मी शांत माणूस आहे, वर्गातही आवाज चढवत नाही. पण त्या दिवशी म्हणालो की ही ओळ तपासल्याशिवाय मी पुढची ओळ वाचणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. एक वर्ष मी तुमच्या या मूर्खपणाला माझे रविवार दिले. उद्या तिचं श्राद्ध आहे आणि तुम्हाला पंखा सुचतोय.

"फ्यूज नको, मास्तर," ते म्हणाले. त्यांचा आवाज वेगळा होता. मला तो ऐकायला हवा होता.

मी वाकून फ्यूजच्या डब्याचं झाकण ओढलं. फ्यूज शाबूत होता. तो ज्या दोन पितळी पट्ट्यांत बसतो त्यांच्यावर हिरवा गंज चढला होता, समुद्राच्या हवेने चढतो तसा. मी खिशातल्या घराच्या किल्लीने दोन्ही पट्ट्या खरवडल्या आणि फ्यूज परत दाबला. डॅशबोर्डच्या आतून घरघर आली. मग फटींतून हवा यायला लागली, आधी गार, मग कोमट, मग चांगली गरम. तिला हळदीचा आणि मोहरीचा वास होता. वर्षभर त्या डब्यात राहिलेले स्क्रू तापत होते.

मी जिंकलो होतो. मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम होतं, भावोजी."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "म्हणून तर बघितला नाय."

मग ते बोलले. काचेकडे बघत, मला उद्देशून नाही. आंबा घाट चढायला लागले तेव्हा धुक्यात काचेवर आतून वाफ धरली. समोरचा रस्ता दिसेना. चार वेळा गाडी थांबवून त्यांनी काच पुसली. पाचव्या वेळी थांबायला लागले तर आक्का म्हणाली, "थांबू नका. मी पुसत्येय." पोट एका हाताने दाबून ती डावीकडच्या सीटवरून त्यांच्यासमोर हात लांब करत होती आणि त्यांच्या डोळ्यांसमोरची काच पुसत होती. घाट संपेपर्यंत. साखरप्यापासून वरपर्यंत एकदाही हाताला विसावा नाही. घाट चढून वर आल्यावर तिचा हात खाली आला आणि ती काही बोलली नाही. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. किती, ते भावोजींनी विचारलं नाही.

"दर पावसाळ्यात सांगायची, तो पंखा तेवढा बघा म्हणून. तीन वर्षं. मी म्हणायचो, रत्नागिरीत हीटर कशाला गो?"

हे वाक्य मला हमीदभाईंचं आणि गावाचं वाटलं होतं. ते भावोजींचंच होतं.

बोलण्यासारखं माझ्याजवळ एवढंच होतं की त्या केबिनमध्ये तिसरी जागा होती. काच पुसायला एक माणूस बसू शकला असता. तो वर्गात व्याकरण शिकवत होता. हे भावोजींनी एका वर्षात एकदाही म्हटलं नव्हतं.

"बघ," ते म्हणाले.

आमच्या श्वासांनी काचेवर वाफ धरली होती आणि खालून गरम हवा तिला पुसत वर चालली होती. उरलेल्या वाफेत उजव्या काचेवर बोटांच्या खुणा होत्या. डावीकडून आलेल्या, चार बोटांच्या, कमानीसारख्या, एकावर एक. आक्काच्या हाताला पावसाळ्यात भेगा पडायच्या म्हणून ती खोबरेल लावायची. ते तेल काचेला लागलेलं होतं. भावोजींनी वर्षभर ती काच आतून पुसली नव्हती. त्या खुणा एरवी दिसत नाहीत. वाफ धरली की दिसतात.

गरम हवा वर चढत होती आणि खुणा खालून नाहीशा होत होत्या. शेवटची कमान राहिली तेव्हा भावोजींनी हात पुढे करून पंखा बंद केला. मग वाकून फ्यूज काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या खिशात टाकला. आम्ही बसून राहिलो. थोड्या वेळाने वाफ परत धरली आणि खुणा परत आल्या. त्यांनी आईच्या डब्यातली भाकरी काढली आणि अर्धी मला दिली. ते खाता खाता रडत होते. मी बाहेर पाऊस बघत होतो.

त्या दिवाळीनंतर त्यांनी ट्रक विकला. घेणारा समोरच्या उजव्या काचेवरून बराच भांडला, कारण भावोजींनी ती चौकटीसकट काढून घेतली होती. गोणपाटात गुंडाळून ती त्यांनी माझ्या घरी आणली आणि म्हणाले, "तुझ्याकडं पुस्तकं हायत. धक्का लागायचा नाय." मिसळणाचा डबा घासून आईला नेऊन दिला. आईने तो घेतला.

भावोजी आता दुसऱ्याचा ट्रक चालवतात. रविवारी येतात आणि दुपारी जातात. काच माझ्या खोलीत कपाटामागे उभी आहे. फ्यूज टेबलाच्या खणात आहे.